साचा आपला, जुळणी यंत्राची
समजा, नागपूरच्या विद्यार्थ्यांनी मे महिन्यातील तापमानाचे वेबपान केले. त्याच्या जावास्क्रिप्ट फायली 'वेबपॅक' एकत्र बांधते. मजकूर बदलला की बांधलेल्या फायलीचे नावही बदलेल, अशी सोय करता येते. ते नाव पानात आपोआप घालण्याचे काम 'एचटीएमएल वेबपॅक प्लगिन' करते. मात्र त्याच्या तयार पानात भाषेची नोंद नसते. अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर त्यामुळे मराठी मजकूर भलत्याच उच्चारांत वाचू शकतो. म्हणून आपण शाळेच्या लेटरहेडसारखी स्वतःची एचटीएमएल फाइल करू, तिच्या 'लँग' गुणधर्मात मराठीचा संकेत लिहू आणि प्लगिनच्या 'टेम्प्लेट' पर्यायात तिचा पत्ता देऊ. फायलीचे नाव त्यात हाताने लिहायचे नाही. ते प्लगिनच घालते.