‘टेनेस्मस’ : केसपेपरवरील एका शब्दाविषयी

रुग्णाच्या केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलेले काही शब्द नातेवाइकांना हमखास अडवितात. ‘टेनेस्मस’ हा त्यांपैकी एक. हे कोणते नवे दुखणे निघाले, असे धास्तावून विचारणारी मंडळी आमच्या कार्यालयापर्यंत येतात. आम्ही वैद्य नव्हे, आमची हयात हिशेबाच्या वह्यांत गेली. तथापि डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते आपणांसमोर ठेवीत आहोत.

हा शब्द मूळ ग्रीक असून त्याच्या मुळाशी ‘ताणणे’ हा अर्थ आहे. शौचाची तीव्र भावना होते, रुग्ण कळा सोशीत कुंथतो, परंतु थोडी आव किंवा रक्त याखेरीज फारसे काही पडत नाही. आणि उठताच पुन्हा बसावेसे वाटते. आपल्या भागात यालाच ‘मुरडा’ म्हणतात. सुश्रुतसंहितेत अतिसाराच्या विवेचनातच ‘प्रवाहिका’ सांगितली आहे. प्रवाहण म्हणजे कुंथणे. जुलाबात पुष्कळ पडते, येथे कुंथूनही अल्पच पडते, हा भेद आपल्या पूर्वजांनी नेमका टिपला होता.

असे का होते? मोठ्या आतड्याचा शेवटचा सुमारे १२ ते १५ सेंटिमीटरचा भाग म्हणजे गुदाशय. तो मलाने भरून ताणला गेला की मेंदूला वर्दी जाते. त्याच्या अस्तराला सूज आली किंवा आत गाठ वाढली, तर गुदाशय रिकामा असतानाही तीच वर्दी जात राहते. म्हणजे टेनेस्मस हा रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण आहे.

पावसाळ्यात दूषित पाणी व अस्वच्छ हात यांमुळे होणारी आव हे त्याचे नित्याचे कारण. अमीबाप्रमाणेच शिगेला नावाचे जंतूही आव घडवितात. जपानी शास्त्रज्ञ कियोशी शिगा यांनी १८९७ साली ते शोधले. यांतील थोडेसे जंतू पोटात गेले तरी आजार होतो, म्हणून घरात एकाला झाले की सर्वांनीच हात साबणाने धुणे अगत्याचे. दीर्घकाळ चालणारा आतड्याचा दाह, वृद्धांमध्ये खडा होऊन अडकलेला मल, हीदेखील कारणे होत.

आमच्या मनाला लागून राहणारे कारण मात्र निराळे आहे. गुदाशयाच्या कर्करोगातही हेच लक्षण दिसते. घरातील वडीलधारी माणसे दिवसातून पाच-सहा वेळा परसाकडे जातात आणि कोणाजवळ बोलत नाहीत. स्त्रियांचा संकोच तर विचारूच नये. विचारलेच तर ‘पोट साफ होत नाही’ एवढे उत्तर मिळते, मग जुलाबाची पुडी घेतली जाते, रक्त दिसले की मूळव्याध समजून मलम लावले जाते, आणि महिने निघून जातात. खालच्या भागातील गाठ डॉक्टरांना पुष्कळदा नुसत्या बोटाने तपासतानाही लागते. ही तपासणी मिनिटभराची असते. तिला नकार देऊ नये. हा रोग केवळ म्हाताऱ्यांनाच होतो, असेही नाही.

मुरडशेंग उगाळून देण्याची चाल घरोघरी आहे. पिळदार शेंग, म्हणून तिचे हे नाव. तिला आमचा विरोध नाही. मात्र ताप, रक्त, वजनातील घट किंवा दोन-तीन आठवडे टिकलेली तक्रार असताना तिच्यावर विसंबू नये. रक्ती आव असताना दुकानातून जुलाब थांबविणारी गोळी आणून देणे तर घातक ठरू शकते.

जाता जाता मलतपासणीविषयी. अमीबाची हालचाल ताज्या नमुन्यातच, अर्ध्या-एक तासाच्या आतच नीट दिसते. दूरच्या गावांहून लोक आदल्या रात्रीची बाटली जपून आणतात. त्यापेक्षा रुग्णालाच सोबत आणून नमुना येथे द्यावा.