अर्भकाचा रात्रीचा कारभार

हिंगोली जिल्ह्यात, मग ते वसमत असो वा कळमनुरी, मध्यरात्री बाळंतिणीच्या खोलीतून रडे ऐकू आले की ‘दूध पुरत नाही’ असा निवाडा देऊन जाणती मंडळी मोकळी होतात. वस्तुतः नवजात अर्भकाचे जठर इवलेसे, आईचे दूध पचावयास हलके, आणि दिवसरात्रीचा भेद शरीरात रुजावयास दोन-तीन महिने लागत असल्यामुळे, अहोरात्रात ८ ते १२ वेळा त्याने भुकेचा पुकारा करणे सर्वथा स्वाभाविक होय. शिवाय दुग्धनिर्मितीस चालना देणारे प्रोलॅक्टिन रात्रीच अधिक स्रवते. तेव्हा रात्रीचे पाजणे टाळण्याचा सल्ला म्हणजे दूध आटविण्याचीच तजवीज! दिवा मंद असावा, ढेकर काढून बाळास उताणे निजवावे. दवाखान्यातील प्रसूतीनंतर ४२ दिवसांत आशाताई ६ वेळा घरी येतात. बाळाची पकड नीट बसते की नाही, हे त्यांच्याकडून तपासून घ्यावे.