लेकीला गोंदणाचं मशीन घेताना

"गोंदणाचं मशीन म्हणजे काय घरात आणायची वस्तू आहे का हो, ताई?" गेल्या दिवाळीत आमच्या धाकट्या जाऊबाई कपाळाला हात लावून मला विचारत होत्या. त्यांच्या लेकीचा चित्रकलेत हात सुरेख. सध्या ती एका टॅटू काढणाऱ्या बाईंकडे शिकायला जाते. तिला स्वतःचं मशीन हवं होतं, तेही रेघांच्या कामासाठी. मैत्रिणींनो, उद्या तुमच्याकडेही हा विषय निघेल. तेव्हा एकदम "नाही" म्हणण्याआधी त्यातलं थोडं जाणून घेतलेलं बरं.

तसं गोंदण आपल्याला काही नवं नाही. आपल्या आज्यांच्या कपाळावर ठिपके असत, हातावर तुळस नाहीतर विंचू असे. गोंदणारी बाई सुया एकत्र बांधून, काजळीत बुडवून हातानं टोचत बसायची. विजेच्या यंत्राचं पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली यांनी १८९१ साली घेतलं. एडिसनच्या विजेच्या पेनावरून ते यंत्र घडलं होतं.

काम म्हणाल तर आपल्या शिवणयंत्रासारखंच, सुई वर-खाली होते. फरक एवढाच, की इथं कापड सरकत नाही, हात सरकवावा लागतो. सुई मंद आणि हात भरभर, तर रेघ तुटक ठिपक्यांची होते. सुई जोरात आणि हात रेंगाळला, तर कातडी सोलवटते.

मशीन मुख्यतः दोन तऱ्हेची असतात. जुन्या तऱ्हेचं कॉइलचं मशीन दारावरच्या विजेच्या घंटीसारखं चालतं: विजेचा लोहचुंबक पट्टी खाली ओढतो, जोड तुटतो, स्प्रिंग पट्टीला वर नेते, की पुन्हा तेच. भुंग्यासारखा आवाज येतो. रेघ ठसठशीत उमटते हे खरं. पण स्प्रिंग आणि स्क्रू सारखे जुळवत बसावे लागतात, वजनही हाताला जाणवतं. दुसरं रोटरी, म्हणजे आत छोटी मोटर. आता ते जाडसर पेनासारखं मिळतं, आवाजही कमी. शिकाऊ मुलीला पहिलं मशीन हेच घ्यावं, असं माझं मत. तेही वायरचं. बॅटरीचं दिसायला छान, पण मागं बॅटरीचं वजन येतं, आणि ऐन रेघेत ती संपली की झालं!

दुकानात गेलात की स्ट्रोक विचारा, म्हणजे सुई किती लांब वर-खाली होते ते. हलक्या छटांसाठी ३ मिलिमीटरच्या आसपास पुरतो. रेघेला साडेतीन ते चार लागतो, कारण सुयांचा जुडगा एका दमात कातडीत शिरला पाहिजे. मात्र स्ट्रोक म्हणजे खोली नव्हे, बरं का! खोली हात राखतो. शाई कातडीच्या दुसऱ्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटरवर बसायला हवी. वर राहिली तर खपलीबरोबर जाते, फार खोल गेली तर पसरते.

मशीन चालवून बघा. सुई बाजूला डुगडुगते का? जरा भार पडला की मोटरचा आवाज बसतो का? तसं असेल तर ते ठेवा तिथंच.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या पोरीनं आधी कुठूनसा स्वस्तातला पेटीसकटचा संच मागवला होता. दोन मशीन, बाटल्याच बाटल्या शाई, मूठभर सुया. शाईवर नाव नाही, सुयांवर मुदतीची तारीख नाही. दहा मिनिटांत मशीन तापायचं, रेघ थरथरायची. महिनाभर पोर समजत होती की आपलाच हात वाईट! शिकणंच सोडायला निघाली होती. मग तिच्या शिकवणाऱ्या बाईंनी आपलं मशीन तिच्या हातात दिलं, आणि त्याच हातानं सरळ, स्वच्छ रेघ निघाली. तेव्हा पेटीतल्या वस्तू मोजू नका. पैसे एका चांगल्या मशीनवर आणि सुयांवर घाला.

सुयांवर तर नक्कीच. कार्ट्रिज म्हणून सुईचा तयार सांगाडा मिळतो; आत पातळ पडदा असलेलाच घ्यावा, म्हणजे रक्त-शाई उलटी मशीनमध्ये जात नाही. एका माणसाला एक, नंतर टाकायचा, आणि तोही टणक डब्यात, कचऱ्याच्या बादलीत नव्हे. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर कावीळ बी, सी आणि एचआयव्हीदेखील पसरू शकतो. जाऊबाईंनी विचारलंच, "सुया कुकरमध्ये उकळल्या तर?" छे! दवाखान्यातल्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांची वाफ ठराविक वेळ खेळवून सामान निर्जंतुक करतात. आपला कुकर वरणभातासाठी. आणि पोरीला कावीळ बीच्या लसीचे तीन डोस आधी देऊन घ्या. सुई तिच्याही बोटाला लागू शकते.

सराव अर्थात माणसावर नाही. त्यासाठी नकली कातडी मिळते, फळंही चालतात. जाऊबाईंचा परवा फोन आला होता. डझनभर मोसंब्यांवर तुळशीवृंदावनं उमटली आहेत म्हणे, आणि ती कुणी खाऊ नयेत म्हणून टोपलीवर चिठ्ठी लावून ठेवली आहे.