नियम आणि निज्झत्ति : पिंजऱ्यातील कोंबडीच्या निमित्ताने

अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबडीस किती जागा द्यावी, हे कायद्याने ठरवावे की ग्राहकाच्या विवेकावर सोडावे? विधी आयोगाने २०१७ साली २६९ व्या अहवालात याविषयी नियम सुचविले होते. विवेकाचा पक्ष घेणाऱ्यांस सम्राट अशोकाचा आधार आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. तो कितपत खरा, हे येथे पाहावयाचे आहे.

सोपाऱ्यास हा विषय परका नाही. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली येथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा १९५६ साली भुईगावी सापडला. आठव्या लेखात राजाने मृगयेच्या विहारयात्रा सोडून धम्मयात्रा आरंभिल्याचे सांगितले आहे. नवव्यात प्राण्यांविषयीचा संयम धम्ममंगलात गणला आहे. दोहोंत आज्ञा नाही. आचरण आणि उपदेश आहे.

आज्ञा आढळते ती उत्तरेकडील पाचव्या स्तंभलेखात. गाभण वा दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या, डुकरिणी व त्यांची सहा महिन्यांआतील पिले मारू नयेत. कोंबडे खच्ची करू नयेत. ठरावीक दिवशी बैलांस व घोड्यांस डागू नये. पुढे दिल्ली-टोपरा स्तंभावरील सातव्या लेखात अशोक म्हणतो की, धम्माची वाढ नियमाने थोडी आणि 'निझति'ने अधिक झाली. निझति म्हणजे पालीतील निज्झत्ति. तिचा अर्थ 'मन वळविणे' असा करतात, परंतु 'निज्झायति' म्हणजे निरखून पाहणे. तेव्हा निज्झत्ति म्हणजे पाहावयास लावून पटविणे. अंगुत्तरनिकायाच्या अट्ठकनिपातात राजांचे बळ ऐश्वर्य, पंडितांचे बळ निज्झत्ति, असे वर्गीकरण आहे. राजा असूनही अशोकाने पंडितांच्या बळास श्रेष्ठ मानले. मात्र नियम मागे घेतल्याचे तो कोठेही म्हणत नाही.

आणि जे दृष्टीसच पडत नाही, त्याविषयी निज्झत्ति कशी व्हावी? नालासोपाऱ्याच्या दुकानातून अंड्यांचा ट्रे नेणाऱ्यास ती कोंबडी मोकळी होती की टंकलेखनाच्या कागदाहूनही कमी जागेत उभी होती, हे सहसा कळत नाही. युरोपीय संघात पाळण्याच्या पद्धतीचा अंक अंड्यावर छापावा लागतो. म्हणजे ग्राहकाची निवडदेखील तेथे नियमामुळेच शक्य झाली. शिवाय जुन्या पद्धतीचे अरुंद पिंजरे २०१२ पासून तेथे बंद झाले.

'न पाहिलेले, न ऐकलेले, न शंकिलेले' ही जीवकसुत्तातील त्रिकोटी कोणी पुढे करील. ती भिक्षापात्रात पडेल ते घेणाऱ्या भिक्खूसाठी आहे, पैसे मोजून निवडणाऱ्या गृहस्थासाठी नव्हे. त्याच सुत्तात प्राण्यास गळ्याला बांधून ओढताना होणारे दुःख वधाच्या दुःखाहून वेगळे मोजले आहे. वधाचा प्रश्न बाजूस ठेवला, तरी वागविण्याचा उरतोच.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे प्रतिपादिले. आमचे वाचक त्याचे स्मरण देतील. ताटावर शासनाचा पहारा नको, हे आम्हांसही मान्य आहे. गोवंशहत्याबंदीच्या २०१५ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात ही भीती निराधार म्हणता येत नाही. परंतु पिंजऱ्याचे माप उत्पादकास बांधते, खाणाऱ्यास नव्हे. बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला. पंखही पसरता येऊ नयेत अशा कोंडमाऱ्यामागे मात्र गरज नाही, खर्चाची बचत आहे. अपुऱ्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणे १९६० च्या कायद्याने गुन्हा ठरविले, पण पहिल्या गुन्ह्यास दंड ठेवला दहा ते पन्नास रुपये. नियम कडक झाले तर अंडे थोडे महागेल, हे खरे. तो भार स्वस्त प्रथिनासाठी अंड्यावर विसंबणाऱ्या घरांवर पडू नये, याची तजवीज त्याच नियमांबरोबर व्हावयास हवी.