टांगलेले ध्वनिक्षेपक आणि वाऱ्याचे गणित

जत्रेतील नाट्यप्रयोग असो, शिमगोत्सव असो वा किनाऱ्यावरील संगीत महोत्सव, रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना मनोऱ्यांवर टांगलेल्या ध्वनिक्षेपकांच्या माळा आता सर्वत्र दिसतात. प्रत्येकी ५० किलोच्या आठ पेट्यांची एक माळ म्हणजे ४०० किलोंचा भार, आणि तो प्रेक्षकांपासून काही पावलांवर लटकत असतो. या उभ्या भाराचा हिशेब बहुधा केलेला असतो. राहून जातो तो वाऱ्याच्या आडव्या भाराचा.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. १.२ मीटर रुंद व ५ मीटर उंच माळेवर ताशी ३६ किलोमीटरचा वारा सुमारे ३७ किलोंच्या जोराने रेटतो. ताशी ७२ किलोमीटरला हाच जोर सुमारे १४७ किलोंवर जातो. माळ झुलू लागली की साखळ्यांना व मनोऱ्याला हिसके बसतात. माळेवर किंवा मनोऱ्यावर जाहिरातीचा फ्लेक्स बांधला, तर तो शिडासारखा वारा धरतो आणि मूळ हिशेबच चुकतो.

इमारतींच्या रचनेसाठी भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पणजीकरिता मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर, धरला आहे. चार दिवसांसाठी उभारलेल्या मनोऱ्याकडून तेवढ्या बळाची अपेक्षा सहसा करता येत नाही. म्हणूनच त्याच्या सुरक्षिततेचा निम्मा भाग लोखंडात, तर निम्मा वेळीच घेतलेल्या निर्णयात असतो.

१३ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या जत्रेत वादळी झोताने रंगमंचावरील संपूर्ण सांगाडा प्रेक्षकांवर कोसळला आणि सात जणांचा बळी गेला. सांगाड्याला आडवा आधार देणारी ताणांची व्यवस्था अपुरी असल्याचे चौकशीत आढळले. प्रेक्षकांना हलवण्याचा निर्णय नेमका कोणी घ्यायचा, याविषयीची संदिग्धताही उघड झाली. वादळाचा इशारा मिळालेला होता, पण मैदान रिकामे झाले नव्हते.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस पडण्यापूर्वी ढगातून उतरणारा थंड झोत काही मिनिटांत मैदानावर पोहोचतो. त्या वेळी विचारविनिमयाला अवधी नसतो. त्यामुळे वायुवेगमापक जमिनीवर नव्हे, तर मनोऱ्याच्या माथ्यावर बसवावा. उंचीवर वारा अधिक असतो. उत्पादकाने व रचना अभियंत्याने ठरवलेल्या मर्यादांपैकी जी कमी असेल ती पाळावी. माळ डोलू नये म्हणून मागून व बाजूने ताण द्यावेत. मात्र त्या ताणांचा भार मनोऱ्याच्या हिशेबात धरावा. मर्यादा गाठण्याआधीच खालची जागा रिकामी करून माळ उतरवावी, कारण ऐन वादळात ती उतरवणेही धोक्याचे असते. लहान झाडे डोलू लागली, तर वारा ताशी साधारण ३० किलोमीटरच्या पुढे गेला असे समजावे. मोठ्या फांद्या हलू लागल्या, तर ४० च्या.

हा आदेश देणारी व्यक्ती एकच असावी आणि कार्यक्रम कितीही रंगला तरी तिचा शब्द अंतिम मानला जावा. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच आयोजकांनी तिचे नाव, वाऱ्याची मर्यादा आणि माळ उतरवण्यास लागणारा वेळ या तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात.