पायाखालची वाळू

गेल्या महिन्यात माझा भाचा खाडीकाठच्या एका नव्या वसाहतीत घर पाहून आला. फरशी, ओटा, लिफ्ट सारे पसंत. "मामा, इमारत भूकंपरोधक आहे म्हणतात. आणखी काय विचारू?" मी म्हटले, "इमारत कशी आहे हे विचारलेस. आता ती कशावर उभी आहे, ते विचार." सारी नोकरी मातीच्या चाचण्या करण्यात गेलेला माणूस दुसरे काय सांगणार! पण या सल्ल्याला आधार आहे.

१६ जून १९६४ रोजी जपानमधील निइगाता शहराला ७.५ तीव्रतेचा भूकंप झाला. शिनानो नदीकाठी, जुन्या पात्रात भर घालून केलेल्या जमिनीवर चार मजली इमारती होत्या. त्या कोसळल्या नाहीत, कलंडल्या. एक तर जवळजवळ आडवी झाली. काही रहिवासी खिडकीतून बाहेर पडून भिंतीवरून चालत खाली आले. भिंतींना फारशी इजा नव्हती. काही इमारती पुढे सरळ करून वापरल्यासुद्धा. म्हणजे बांधकाम टिकले, जमीन टिकली नाही.

असे का झाले? डब्यात तांदूळ काठोकाठ भरा आणि डबा दोनदा आपटा. तांदूळ दोन बोटे खाली बसतो, कारण दाणे सरकून दाटीने बसतात. सैल वाळूचेही तसेच. कोरड्या वाळूच्या फटींत हवा असते, ती सहज बाजूला होते. पण भूजलाच्या पातळीखाली त्या फटी पाण्याने भरलेल्या असतात. पाणी दाबून लहान होत नाही आणि काही सेकंदांत त्याला बाहेर पडायला वाटही मिळत नाही. दाणे जवळ येऊ पाहतात, मधले पाणी अडते आणि त्याचा दाब वाढत जातो. एरवी इमारतीचा भार एका कणाकडून दुसऱ्या कणाकडे जातो. त्या दाबामुळेच कणांमध्ये घर्षण असते. आता तो भार पाण्यावर येतो, कणांची एकमेकांवरील पकड सुटते आणि घट्ट जमीन दाट आमटीसारखी वाहू लागते. यालाच मातीचे द्रवीभवन म्हणतात. जड इमारत रुतते, जमिनीत पुरलेली रिकामी टाकी मात्र वर येते. दाबातले पाणी वाळू घेऊन भेगांतून उसळते. पाणी निघून गेले की जमीन पुन्हा घट्ट होते, पण झालेले नुकसान तसेच राहते.

हे जपानपुरतेच नाही. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात उत्तर बिहारमध्ये शेतांवर वाळू पसरली, विहिरी वाळूने बुजल्या. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये रणातून पाणी आणि वाळू उसळली. कांडला बंदरातील मनोऱ्यासारखी कार्यालयाची इमारत खांबांच्या पायावर असूनही कलली. खांब नुसते खोल असून भागत नाही, ते पक्क्या थरात टेकावे लागतात.

मात्र घाबरून जाऊ नये. सैल वाळू, तिच्यात भरलेले पाणी आणि जोराचा हादरा, या तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. कातळावर हा धोका नाही. चिकट मातीचे दोष वेगळे. आणि जमीन तपासता येते. बोअर घेऊन ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकतात आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. ठोके थोडे, तर वाळू सैल. मग ती ठोकून दाट करता येते, पाणी निघून जावे म्हणून खडीचे खांब घालता येतात किंवा पाया खालच्या कठीण थरापर्यंत नेता येतो.

भाच्याने विक्री कार्यालयात मातीचा अहवाल मागितला. तेथील मुलगी गोंधळली. म्हणाली, हा कागद आजवर कोणी मागितलाच नव्हता. चार दिवसांनी तो मिळाला. आता आम्ही दोघे तो वाचतो आहोत. घर घ्यायचे की नाही, ते त्यानंतर ठरेल. आपणही घर पाहायला जाल, तेव्हा फरशीकडे जरूर पाहा. पण फरशीखाली काय आहे, हेही एकदा विचारा.