विश्लेषण : स्टेडियम भरली, टीव्हीवर झळकल्या, तरीही अमेरिकेच्या महिला बास्केटबॉलपटू नाराज का?

१९ जुलै २०२५ रोजी इंडियानापोलिसमध्ये डब्ल्यूएनबीएचा ऑल-स्टार सामना होता. सामन्याआधी सरावासाठी दोन्ही संघांच्या खेळाडू कोर्टवर आल्या त्या एकसारखे काळे टी-शर्ट घालून. त्यावर लिहिले होते, ‘आमचे देणे आम्हाला द्या’. महिलांच्या या व्यावसायिक लीगसाठी हा आजवरचा सर्वाधिक भरभराटीचा काळ. तिकिटे संपतात, वाहिन्या सामने दाखवतात, नवे मालक रांग लावतात. मग नेमका वाद कशाचा? आणि त्याआधी जवळपास पावशतक ही लीग तोट्यात का राहिली?

लीगची सुरुवात कशी झाली?

१९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या महिला संघाने सुवर्णपदक जिंकले. त्या लाटेवर दोन लीग उभ्या राहिल्या. एबीएल ही स्वतंत्र लीग ऑक्टोबर १९९६ मध्ये सुरू झाली. पुरुषांच्या एनबीएचे पाठबळ असलेल्या डब्ल्यूएनबीएचा पहिला सामना २१ जून १९९७ रोजी झाला. एबीएलमध्ये ऑलिम्पिक संघातील अनेक खेळाडू होत्या, पण टीव्हीचा मोठा करार नव्हता. डिसेंबर १९९८ मध्ये हंगाम अर्धवट सोडून ती बंद पडली. डब्ल्यूएनबीएकडे मात्र पहिल्या दिवसापासून एनबीएची मैदाने, प्रायोजक आणि राष्ट्रीय वाहिन्यांवरील वेळ होता. त्यामुळे ती टिकली.

टिकली, पण वाढली का नाही?

सुरुवात जोरात होती. १९९८ मध्ये सामन्याला सरासरी सुमारे १०,८०० प्रेक्षक येत. २००० पर्यंत संघांची संख्या आठवरून १६ झाली. त्यानंतर उतरती कळा लागली. पहिली सलग चार विजेतेपदे जिंकणारा ह्यूस्टन कॉमेट्स संघही २००८ मध्ये बंद झाला. लीग सुरू झाल्यापासून दरवर्षी सरासरी एक कोटी डॉलरहून अधिक तोटा होत असल्याचे एनबीएचे आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर यांनी २०१८ मध्ये सांगितले होते. हंगाम उन्हाळ्यात, म्हणजे एनबीएची मैदाने रिकामी असताना खेळवला जातो. पैशांचा हिशेब पाहता ते सोयीचे आहे. मात्र अमेरिकी प्रेक्षकाला बास्केटबॉल पाहण्याची सवय हिवाळ्याची.

माध्यमांनी किती जागा दिली?

या प्रश्नाचे उत्तर एका दीर्घ अभ्यासात मिळते. शेरिल कुकी, मायकल मेसनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमधील वाहिन्यांची क्रीडावृत्ते आणि ईएसपीएनचा ‘स्पोर्ट्ससेंटर’ हा कार्यक्रम यांचा वेळ मोजला. १९८९ मध्ये महिलांच्या खेळांना पाच टक्के वेळ मिळत होता. तीस वर्षांनी, २०१९ मध्ये हा वाटा होता ५.४ टक्के. त्यातून त्या वर्षीचा महिला फुटबॉल विश्वचषक वगळला, तर उरतात ३.५ टक्के.

इंजिनीअरिंगच्या भाषेत याला ‘फीडबॅक लूप’ म्हणतात. बातमीत नाव येत नाही, म्हणून खेळाडू ओळखीची होत नाही. ओळखीची नाही, म्हणून सामना पाहिला जात नाही. प्रेक्षक नाहीत, म्हणून प्रायोजक येत नाही. आणि मागणीच नाही म्हणून वाहिनी वेळ देत नाही. चक्र जिथून निघाले तिथेच परत येते आणि प्रत्येक फेरीत ‘लोकांना बघायचेच नाही’ हा समज पक्का होतो.

हा समज खरा होता का?

न्यूयॉर्क लिबर्टी संघाचे उदाहरण यासाठी बोलके आहे. २०१८ मध्ये तेव्हाच्या मालकांनी हा संघ मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधून शहराबाहेरच्या वेस्टचेस्टर काउंटीतील छोट्या सभागृहात हलवला. सामन्याला सरासरी तीन हजारही लोक येईनात. २०१९ मध्ये अलिबाबाचे सहसंस्थापक जो त्साय यांनी संघ विकत घेतला आणि पुढे ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये आणला. २०२४ मध्ये या संघाने विजेतेपद पटकावले, तेव्हा सरासरी प्रेक्षकसंख्या १२ हजारांवर होती. २०२५ मध्ये संघातील काही हिस्सा विकला गेला, तो ४५ कोटी डॉलरचे मूल्य धरून. संघ तोच, महानगर तेच. बदलली ती गुंतवणूक.

गंमत म्हणजे, खेळाडूंसाठी चार्टर विमाने वापरली म्हणून याच संघाला लीगने पाच लाख डॉलरचा दंड केला होता. श्रीमंत मालकाच्या संघाला जास्तीचा फायदा मिळू नये, असा त्यामागचा नियम. सर्व संघांसाठी चार्टर विमाने आली ती थेट २०२४ च्या हंगामात.

खेळाडू परदेशात का जात होत्या?

घरच्या पगारात भागत नव्हते म्हणून. फीनिक्स मर्क्युरीची डायना टोरासी २०१५ चा अमेरिकी हंगाम खेळलीच नाही, कारण तिने विश्रांती घ्यावी यासाठी तिच्या रशियन क्लबने पैसे मोजले. तेव्हाच्या वृत्तांनुसार रशियात तिला सुमारे १५ लाख डॉलर मिळत, तर डब्ल्यूएनबीएमध्ये जेमतेम १.०७ लाख. फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्कोजवळच्या विमानतळावर अटक झालेली ब्रिटनी ग्राइनरही रशियन क्लबकडून खेळण्यासाठीच निघाली होती. डिसेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत तिची सुटका झाली. या दहा महिन्यांत जगभर तिची बातमी झाली आणि अव्वल खेळाडूला दर हिवाळ्यात परदेशी का जावे लागते, हा प्रश्न पहिल्यांदाच ठळकपणे चर्चेत आला.

२०२४ मध्ये काय बदलले?

विद्यापीठ बास्केटबॉलमधून आलेली केटलिन क्लार्क. एप्रिल २०२४ मध्ये तिच्या आयोवा संघाचा साउथ कॅरोलिनाविरुद्धचा अंतिम सामना १.८९ कोटी लोकांनी पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्याला त्या वर्षी १.४८ कोटी प्रेक्षक होते. क्लार्क इंडियाना फीव्हरकडे गेली आणि तिच्यासोबत प्रेक्षकही गेले. फीव्हरच्या घरच्या सामन्यांना सरासरी १७ हजार लोक आले. फीव्हरविरुद्धच्या सामन्यांसाठी इतर संघांना मोठी मैदाने घ्यावी लागली. ईएसपीएनवरील सामन्यांची सरासरी ४.४ लाखांवरून सुमारे १२ लाखांवर गेली.

हे सगळे एकट्या क्लार्कमुळे?

नाही. २०२५ मध्ये दुखापतींमुळे ती फक्त १३ सामने खेळली. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या गोल्डन स्टेट व्हॅल्किरीज या नव्या संघाने घरच्या प्रत्येक सामन्याची १८ हजारांवर तिकिटे विकली. या संघाच्या मालकांनी प्रवेशासाठी पाच कोटी डॉलर मोजले होते. क्लीव्हलँड, डेट्रॉइट आणि फिलाडेल्फिया या पुढच्या तीन शहरांसाठी हीच रक्कम प्रत्येकी २५ कोटी ठरली.

मग वाद कशाचा?

वाटणीचा. २०२४ च्या जुलैमध्ये एनबीएने ११ वर्षांच्या प्रसारण हक्कांचा सुमारे ७,७०० कोटी डॉलरचा करार केला. त्यात डब्ल्यूएनबीएच्या वाट्याला सुमारे २२० कोटी, म्हणजे वर्षाला २० कोटी डॉलर आले. आधीच्या सुमारे सहा कोटींच्या तुलनेत हे तिप्पट आहे. पण हे हक्क एनबीएच्या हक्कांसोबत एकाच गाठोड्यात विकले गेले. त्यामुळे महिला लीगची बाजारातली खरी किंमत किती, हे कळायला मार्ग नाही आणि खेळाडूंच्या संघटनेचा संशय नेमका इथेच आहे.

पगाराचे चित्र आणखी विषम आहे. एनबीएमध्ये बास्केटबॉलच्या उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा खेळाडूंना मिळतो. डब्ल्यूएनबीएमध्ये जुन्या करारानुसार तो दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असल्याचे अंदाज आहेत. पहिल्या हंगामात क्लार्कचा पगार सुमारे ७६,५०० डॉलर होता. एनबीएमध्ये २०२३ ला पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या व्हिक्टर वेम्बान्यामाचा होता सुमारे १.२ कोटी डॉलर.

लीगची बाजूही समजून घ्यायला हवी. दोन दशके एनबीएने तोटा सोसला. २०२२ मध्ये ७.५ कोटी डॉलर उभारण्यासाठी सुमारे १६ टक्के हिस्सा गुंतवणूकदारांना द्यावा लागला आणि आता त्यांना परतावा हवा आहे. खेळाडूंचे म्हणणे असे की, एनबीएइतका पगार आम्ही मागतच नाही. मागणी आहे ती उत्पन्न वाढेल तसा आमचा वाटाही वाढावा, एवढीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी जुन्या करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत नव्या कराराविना टळली आणि वाटाघाटींसाठी मुदतवाढ द्यावी लागली. दरम्यान, नफीसा कॉलियर आणि ब्रियाना स्टुअर्ट यांनी जानेवारी २०२५ मध्ये ‘अनरायव्हल्ड’ ही हिवाळी लीगही सुरू केली. त्यात खेळाडूंना मालकीतही वाटा आहे.

भारतासाठी यात काय?

आपल्याकडे महिला क्रिकेटमध्ये हे चक्र उलट्या टोकाने फिरवले गेले. महिला प्रीमियर लीगचा पहिला चेंडू मार्च २०२३ मध्ये नवी मुंबईत पडला, त्याआधीच पाच वर्षांचे प्रसारण हक्क ९५१ कोटी रुपयांना विकले गेले होते. पैसा आणि टीव्हीचा वेळ आधी आला, प्रेक्षक नंतर. बास्केटबॉलच्या नशिबी ते नाही. केरळच्या गीतू अ‍ॅना जोसला २०११ मध्ये डब्ल्यूएनबीए संघांनी चाचणीसाठी बोलावले होते. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. यापैकी एखादीचा एक तरी सामना आपण टीव्हीवर पाहिला आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर दोष आपल्या आवडीचा की दाखवणाऱ्यांचा, हे ठरवण्याआधी न्यूयॉर्कच्या त्या छोट्या सभागृहाची गोष्ट आठवायला हवी.